विश्लेषण : ‘नाही’ दाबले आणि घर ‘सरकारी’ झाले! माणसाची भाषा यंत्राला नेमकी कशी कळणार?

आधी एक वाक्य वाचा. ‘माझ्या कुटुंबातील कोणीही सदस्य कायम कर्मचारी म्हणून सरकारी नोकरीत नाही, तसेच निवृत्तिवेतन घेत नाही.’ खाली दोन पर्याय आहेत : होय आणि नाही. तुमच्या घरात कोणीही सरकारी नोकर नाही, पेन्शनवालेही कोणी नाही. तर तुम्ही काय दाबाल?

क्षणभर अडखळलात, तर त्यात तुमची चूक नाही. आमच्या डेस्कवर हे वाक्य वाचून दाखवले, तेव्हा शिकल्या-सवरलेल्या, दिवसभर शब्दांशीच खेळणाऱ्या मंडळींत वाद झाला. एक जण म्हणाला, ‘नाही. कारण कोणी नाही.’ दुसरी म्हणाली, ‘होय. कारण कोणी नाही, हे खरे आहे.’ दोघांच्याही मनातली वस्तुस्थिती एकच होती, बोट मात्र वेगवेगळ्या बटणावर जात होते. संगणकाला मनातली वस्तुस्थिती दिसत नाही, फक्त बटण दिसते.

साधारण अशाच आशयाचे वाक्य ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीत होते. त्याचे पुढे काय झाले, हे राज्यातल्या अनेक घरांना ठाऊक आहे. त्या निमित्ताने एक जुना प्रश्न पुन्हा समोर आला आहे. रोजच्या बोलण्यातली भाषा यंत्रासाठी नेमकी कशी करायची? गणितज्ञ, तत्त्वज्ञ आणि संगणकवाले यांनी यासाठी आकारिक तर्कशास्त्र नावाचे हत्यार घडवले आहे. आपण ते अर्जाच्या खिडकीपर्यंत आणलेच नाही, ही अडचण आहे.

नेमके काय घडले?

योजनेचा मूळ शासन निर्णय २८ जून २०२४चा. पात्र महिलेला दरमहा १,५०० रुपये. दोन कोटींहून अधिक महिलांच्या खात्यात पैसे जाऊ लागले. पुढे अपात्रांनीही लाभ घेतल्याचे आढळल्यावर सप्टेंबर २०२५मध्ये ई-केवायसी अनिवार्य झाली. आधी दोन महिन्यांची मुदत होती, ती ३१ डिसेंबर २०२५पर्यंत वाढली. आधार क्रमांक, ओटीपी, मग पती किंवा वडिलांचा आधार, पुन्हा ओटीपी, आणि शेवटी दोन घोषणा. पहिली सरकारी नोकरी व निवृत्तिवेतनाबद्दल, दुसरी घरातल्या किती महिला लाभ घेतात याबद्दल.

अनेक महिलांचा पर्याय चुकला. म्हणून एकदाच दुरुस्ती करण्याची सोय द्यावी लागली. तरीही चुकीच्या पर्यायामुळे अनेकींचे पैसे थांबलेच. अखेर जानेवारी २०२६मध्ये महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी होणार असल्याचे जाहीर केले. संगणकाने वेळ वाचावा म्हणून केलेली गोष्ट शेवटी पायी दारोदार फिरून निस्तरण्याची वेळ आली.

आपल्या मीरा-भाईंदरचा विचार करा. इथे एकाच मजल्यावर मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी आणि उर्दू बोलणारी घरे असतात. जुलै २०२५मध्ये मीरा रोडला भाषेवरून मोर्चा निघाला, तो देशभर गाजला. पण ओटीपी टाकताना भाषेचा अभिमान कामाला येत नाही. सायबरवाल्याच्या टेबलाशी संवाद साधारण असाच होत असणार : ‘ताई, घरात कोणी सरकारी नोकरीला?’ ‘नाही हो भाऊ.’ आणि तो ‘नाही’ दाबून मोकळा. दोघेही खरेच बोलले, दोघांचाही हेतू चांगला होता. तरीही पडद्यावरच्या वाक्याच्या हिशेबाने त्या ताईंच्या घरात एक सरकारी नोकर जन्माला आला.

मराठीत ‘नाही’ला उत्तर काय?

‘अजून जेवला नाहीस ना?’ असे आईने विचारले, तर आपण दोन्ही उत्तरे देतो. ‘हो, नाही जेवलो’ आणि ‘नाही, नाही जेवलो’. अर्थ एकच. पहिल्या उत्तरात आपण आईच्या वाक्याला दुजोरा देतो, दुसऱ्यात थेट वस्तुस्थिती सांगतो. जगातल्या भाषांत हे दोन स्वतंत्र प्रकार आहेत. जपानी माणूस साधारणपणे वाक्याला दुजोरा देतो, इंग्रजी बोलणारा वस्तुस्थिती सांगतो. मराठीत, आणि हिंदी-गुजरातीतही, दोन्ही चालते. बोलताना गोंधळ होत नाही, कारण आपण नुसते ‘हो’ म्हणून थांबत नाही, पुढचे ‘नाही जेवलो’ जोडतो. मान हलते, आवाजाचा सूर बदलतो.

अर्जाने नेमके हेच काढून घेतले. मान नाही, सूर नाही, पुढचे वाक्य नाही. उरला एक सुटा शब्द.

आता यंत्राच्या बाजूने पाहू. एक गोष्ट ‘अ’ धरा : घरात कोणी कायम सरकारी नोकरीत आहे. दुसरी ‘ब’ : घरात कोणी सरकारी निवृत्तिवेतन घेते. घोषणा म्हणते, ‘अ नाही आणि ब नाही’. त्यावर तुम्ही ‘नाही’ दाबले, म्हणजे यंत्राने वाचले : ‘अ नाही आणि ब नाही, हे खरे नाही’. सरळ केले तर निघते : ‘अ किंवा ब’. घरात सरकारी नोकर आहे किंवा पेन्शनर आहे. तो नेमका कोण, हे यंत्राला माहीत नाही. पण अपात्र ठरवायला तेवढे पुरते.

या सरळ करण्याच्या नियमाला डी मॉर्गनचा नियम म्हणतात. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी डिजिटल सर्किट्समध्ये तो आम्ही गेट जोडून सिद्ध करायचो आणि परीक्षेनंतर विसरायचो. ऑगस्टस डी मॉर्गन हा ब्रिटिश गणितज्ञ १८०६मध्ये आपल्याकडे मदुराईत जन्मला आणि तान्हा असतानाच इंग्लंडला गेला. त्याचे ‘फॉर्मल लॉजिक’ आणि जॉर्ज बूलचे तर्काच्या गणितावरचे पहिले पुस्तक दोन्ही एकाच वर्षी, १८४७मध्ये आले. आज तुमच्या हातातल्या फोनच्या चिपमध्ये अब्जावधी वेळा चालते ते याच दोघांचे ‘आणि, किंवा, नाही’.

हाच नियम सोसायटीच्या नोटीस बोर्डावरही सापडतो. ‘गाडी धुताना पाइप व बादली वापरू नये.’ मग नुसता पाइप चालेल का? वॉचमनशी भांडणाऱ्या गाडीमालकाला शब्दशः मुद्दा आहे. ‘पाइप आणि बादली’ हे एकत्र नको, असेही वाक्य वाचता येते. ‘पाइप वापरू नये, बादलीही वापरू नये’ असे लिहिले की वाद संपतो. ‘सगळ्यांनी मेंटेनन्स भरला नाही’ हेही तसेच. एकानेही भरला नाही, की काहींनी भरला आणि काहींनी नाही? मराठी वाक्यात ‘नाही’ शेवटी येते आणि मागच्या किती शब्दांवर त्याचा अंमल आहे, हे वाक्य सांगत नाही. ते आपण प्रसंगावरून ओळखतो.

‘आणि’ जेव्हा ‘किंवा’ असते

योजनेच्या निकषांकडे तर्काच्या चष्म्यातून पाहिले तर आणखी गमती दिसतात. राज्यातील विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार महिला पात्र, असे निकष सांगतो. अक्षरशः वाचले तर एकाच बाईने एकाच वेळी विवाहित, विधवा आणि घटस्फोटित असायला हवे! अर्थातच इथे ‘आणि’चा अर्थ ‘यांपैकी कोणतीही’ असा आहे. माणसाला हे सांगावे लागत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मात्र इथे जाणीवपूर्वक ‘किंवा’ लिहावे लागते. तो ते लिहितोही, कारण इथला विसंगत अर्थ डोळ्यात भरतो. जिथे तो डोळ्यात भरत नाही, तिथे घात होतो.

ई-केवायसीतली दुसरी घोषणा घ्या. कुटुंबातील केवळ एक विवाहित आणि एक अविवाहित महिला लाभ घेत आहे, अशा अर्थाची. एखाद्या घरात एकटी सूनच लाभ घेते, अविवाहित मुलगी नाहीच. तिने काय दाबावे? ‘एक’ म्हणजे ‘बरोबर एक’ असे धरले तर तिचे घर या वाक्यात बसत नाही, म्हणजे ‘नाही’. ‘एक’ म्हणजे ‘जास्तीत जास्त एक’ असे धरले तर ‘होय’. सरकारला दुसरा अर्थ हवा आहे, हे उघड आहे. पण छापील वाक्य पहिल्याकडे झुकते. तर्कशास्त्रात ‘किमान एक’, ‘जास्तीत जास्त एक’ आणि ‘बरोबर एक’ ही तीन वेगळी विधाने आहेत, तीन वेगळ्या पद्धतींनी लिहावी लागतात आणि लिहिताना लिहिणाऱ्याला ठरवावेच लागते की आपल्याला यांतले कोणते हवे. मला या सगळ्या प्रकारातला खरा फायदा हाच वाटतो. तर्काची भाषा वाचायला रुक्ष असते, पण ती लिहिणाऱ्याला आळस करू देत नाही.

शिवाय जुलै २०२४मध्ये योजनेपुरती ‘कुटुंब’ची व्याख्या ठरली : पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले-मुली. ही व्याख्या धरली तर एका कुटुंबात विवाहित महिला एकच असणार, पत्नी. मग ‘केवळ एक विवाहित’ अशी घोषणा घेण्याची गरजच काय? म्हणजे घोषणेतले ‘कुटुंब’ आणि व्याख्येतले ‘कुटुंब’ वेगळे असावे. बोलताना आपण ‘आमची फॅमिली’ म्हणतो, त्यात कधी सासू-सासरे, दीर-जाऊ असतात, कधी नसतात. शासनाच्या कागदावर एकाच शब्दाला दोन अर्थ आले की संगणकाने कोणता धरायचा?

विधवेचे खाते आणि न सुचलेली फांदी

आकारिक पद्धतीचा सगळ्यात मोठा उपयोग कुठे होतो, हे याच ई-केवायसीत दिसते.

योजना विधवा, घटस्फोटित आणि निराधार महिलांनाही आहे, हे पहिल्या दिवसापासून लिहिलेले होते. ई-केवायसीने मात्र पती किंवा वडील यांचा आधार आणि त्यावरचा ओटीपी मागितला. आता अशी बाई घ्या, जिचा नवरा वारला आहे आणि वडीलही हयात नाहीत. निकषांनुसार ती पात्र. अर्जात तिला पुढे जायला वाटच नाही. ही विरळ परिस्थिती नव्हे, पन्नाशी-साठीच्या विधवेच्या बाबतीत तर हे नेहमीचेच. हे लक्षात आल्यावर मुदत वाढवताना सरकारने अशा महिलांनी स्वतःची ई-केवायसी करावी आणि मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाची कागदपत्रे अंगणवाडी सेविकेकडे द्यावीत, अशी सोय केली. म्हणजे चूक दुरुस्त झाली. पण ती कोणाच्या जिवावर सापडली? रांगेत उभ्या असलेल्या विधवांच्या.

नियम तर्काच्या रूपात लिहिले की हीच चूक टेबलावर, एकही बाई रांगेत उभी राहण्याआधी सापडू शकते. वैवाहिक स्थितीचे पाच-सहा प्रकार, पती हयात की नाही, वडील हयात की नाही, मोबाइल आधारला जोडलेला की नाही. या सगळ्यांच्या जोड्या फार तर काही डझन होतात. प्रत्येक जोडीला दोन प्रश्न विचारायचे : ही महिला निकषांनुसार पात्र आहे का, आणि तिला अर्जाच्या शेवटापर्यंत जाता येते का? पहिल्याचे उत्तर ‘होय’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ आले की घंटा वाजवायची. असे तपासणारे प्रोग्रॅम विमानांच्या नियंत्रण प्रणालीसाठी, चिपच्या रचनेसाठी आणि रेल्वे सिग्नलसाठी अनेक वर्षे वापरात आहेत. वहीच्या पानावर तक्ता आखूनही एका दुपारी हे काम होईल.

जमिनीवर घडा नाही

नासाने संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा ठरवली, असा फॉरवर्ड तुमच्या फॅमिली ग्रुपवर आला असेलच. त्याचे मूळ खरे आहे, पण फॉरवर्डपेक्षा बरेच साधे. रिक ब्रिग्ज या नासाच्या एम्स केंद्राशी संबंधित संशोधकाने १९८५मध्ये ‘एआय मॅगझिन’मध्ये एक लेख लिहिला. संस्कृत पंडितांची वाक्य उलगडण्याची रीत आणि त्या काळी संगणकात ज्ञान साठवण्याची रीत यांत साम्य आहे, एवढे त्याचे म्हणणे. नासाने काहीही ‘ठरवले’ नाही आणि आजचा एकही मोठा प्रोग्रॅम संस्कृतात चालत नाही.

पण ज्या परंपरेकडे ब्रिग्जने बोट दाखवले, तिच्याकडे आपल्या ‘नाही’च्या गोंधळावर सांगण्यासारखे बरेच आहे. चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेश उपाध्यायांपासून पुढे रुजलेल्या नव्यन्यायाने व्यवहारातली संस्कृत वाक्ये इतकी काटेकोर केली की ती वेगळीच भाषा वाटावी. ‘जमिनीवर घडा नाही’ हे त्यांचे लाडके उदाहरण. नैयायिक विचारतो, नुसते ‘नाही’ असे काही नसतेच. कशाचा अभाव? घड्याचा. तो ‘प्रतियोगी’. कुठे अभाव? जमिनीवर. ती ‘अनुयोगी’. या दोन्ही जागा भरल्याशिवाय ‘नाही’ हा शब्द अर्धवट. सायबरवाल्याशी बोलणाऱ्या ताईंच्या ‘नाही’चा प्रतियोगी होता सरकारी नोकरी. पडद्यावरच्या ‘नाही’चा प्रतियोगी होता आधीच्या वाक्याचे खरेपण. शब्द एक, अभाव दोन.

आणखी पुढे, ‘घड्याच्या अभावाचा अभाव’ म्हणजे घडाच का, यावरही या पंडितांत मतभेद होते. जुने नैयायिक म्हणत, होय, तो घडाच. रघुनाथ शिरोमणी म्हणाले, नाही, ती वेगळीच गोष्ट. यंत्र जुन्या नैयायिकांच्या बाजूचे आहे : दोन ‘नाही’ मिळून ‘आहे’. माणूस दोन ‘नाही’ ऐकून कधी ‘आहे’ समजतो, कधी अधिक ठाम ‘नाही’.

ही विद्या आपल्यापासून लांबची नाही. न्यायाच्या परिभाषेचा भलामोठा ‘न्यायकोश’ एकोणिसाव्या शतकात भीमाचार्य झळकीकरांनी मुंबईत रचला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९२८मध्ये त्याची सुधारित आवृत्ती काढली.

कायदाच प्रोग्रॅम झाला तर?

सतराव्या शतकात जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझचे स्वप्न होते की एक दिवस वाद झाला की माणसे भांडणार नाहीत, बसून आकडेमोड करतील. १८७९मध्ये फ्रेगेने ‘प्रत्येक’, ‘काही’, ‘कोणीही नाही’ अशा शब्दांना नेमकी चिन्हे दिली आणि आधुनिक तर्कशास्त्र सुरू झाले. त्याचा कायद्याशी सांधा जुळला तो १९८६मध्ये. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या मारेक सर्गोट, रॉबर्ट कोवाल्स्की आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनचा १९८१चा नागरिकत्व कायदा ‘प्रोलॉग’ या तर्काधारित संगणकभाषेत लिहून काढला. अमुक व्यक्ती ब्रिटिश नागरिक आहे का, असे विचारले की प्रोग्रॅम उत्तर द्यायचा आणि ते कोणत्या कलमांच्या आधारे हेही सांगायचा. सगळ्यात जास्त त्रास कशाने दिला असेल? ‘नाही’ने. अमुक गोष्ट सिद्ध झाली नाही, म्हणजे ती खोटी, असे प्रोलॉग धरून चालते. कायद्यात मात्र ‘माहीत नाही’ आणि ‘नाही’ यांत माणसाच्या आयुष्याएवढे अंतर असते.

आता फ्रान्समध्ये ‘कतला’ नावाची संगणकभाषा खास कायद्यासाठी विकसित झाली आहे. तीत कायद्याचे कलम आणि त्याचा कोड शेजारी-शेजारी लिहितात, वकील आणि प्रोग्रॅमर एकत्र बसून. सामान्य नियम आधी, अपवाद मागून, ही कायद्याची सवय त्या भाषेतच बांधलेली आहे. आपल्या योजनेतही आहेच की : घरातल्या कोणाच्या नावे चारचाकी असेल तर अपात्र, पण ट्रॅक्टर सोडून.

महाराष्ट्रातही हे काम अगदीच नवे नाही. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. पुष्पक भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी ‘युनिव्हर्सल नेटवर्किंग लँग्वेज’वर अनेक वर्षे काम केले. टोकियोतल्या संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या संस्थेने १९९६मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. कोणत्याही भाषेतले वाक्य आधी ‘कर्ता कोण, कर्म काय, कशाने, कुठे’ अशा नात्यांच्या जाळ्यात मांडायचे आणि त्यातून दुसऱ्या भाषेत उतरवायचे, ही कल्पना. मराठी शब्दांच्या अर्थांचे जाळे, म्हणजे ‘मराठी शब्दबंध’, तेही याच संस्थेत तयार झाले.

आणि आपल्या शहरात रोज नजरेला पडणारे उदाहरण म्हणजे बांधकाम. डिसेंबर २०२०मध्ये मुंबई आणि काही क्षेत्रे वगळून राज्यभरासाठी एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली, ती मीरा-भाईंदरलाही लागू आहे. रस्ता किती रुंद, इमारत किती उंच, सामासिक अंतर किती, हे नियम संगणकाला शिकवून नकाशा तपासणाऱ्या प्रणाली राज्यात वापरात आहेत. इथे कोणाला कल्पना विचित्र वाटली नाही. बिल्डरच्या नकाशासाठी नियम इतका नेमका करता येतो, तर मग दीड हजार रुपयांच्या अर्जासाठी का नाही? मीटर आणि चौरस फूट मोजणे ‘परित्यक्ता’ मोजण्यापेक्षा सोपे असते, हे मान्य. तरी प्रश्न उरतोच.

चॅटबॉट आहे ना आता!

हा आक्षेप हमखास येतो. एआयला मराठी समजते, मग तर्कबिर्क कशाला? बाईने बोलून सांगावे, एआय अर्ज भरेल.

एआयची मदत होईल, यात शंका नाही. पण ही मॉडेल्स पुढचा शब्द कोणता असावा, याचा अतिशय कुशल अंदाज बांधतात. अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो आणि कधी कधी आत्मविश्वासाने चुकतो. ‘नाही’ असलेली वाक्ये तर त्यांची जुनी दुखरी बाजू आहे. वाढदिवसाचा संदेश लिहायला हे चालते. कोणाचे अनुदान थांबवायचे हे ठरवताना ‘बहुधा’ चालत नाही. तिथे कारण लागते, आणि तेच कारण उद्या तपासता आले पाहिजे. म्हणून अनेक अभ्यासक दोन्हींची सांगड सुचवतात : बोललेले समजून घ्यायला एआय, निर्णय द्यायला लिखित तर्क, आणि मध्ये माणसाला विचारून खात्री. मला हा मार्ग पटतो, अट एकच की मधली खात्री वगळली जाऊ नये.

उलट बाजूही आहे. तर्क निर्दोष असला म्हणजे निर्णय न्याय्य असतो असे नाही. ऑस्ट्रेलियात ‘रोबोडेट’ नावाच्या योजनेत सरकारी संगणकाने लोकांच्या वार्षिक उत्पन्नाची सरासरी काढून, तुम्ही जास्त भत्ता घेतलात म्हणून वसुलीच्या नोटिसा पाठवल्या. गणित बरोबर होते, गृहीतकच चुकीचे होते. हंगामी काम करणाऱ्याची कमाई दर पंधरवड्याला सारखी नसते. २०२३मध्ये तिथल्या चौकशी आयोगाने या योजनेवर कडक ताशेरे ओढले. आणि काही शब्द तर मुद्दामच सैल ठेवलेले असतात. ‘निराधार’ कोण? नवरा महिन्यातून एकदा येऊन शंभर रुपये टाकतो, ती ‘परित्यक्ता’ की नाही? हे चिन्हांत लिहून सुटणार नाही. तिथे माणूसच हवा आणि तो कोणता शब्द ठरवणार आहे, हे यादीत वेगळे लिहिलेले हवे. तर्काच्या मांडणीतून एवढे तरी कळते की कुठली अट यंत्राची आणि कुठली माणसाची.

मग मागायचे काय?

मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. अर्जातला प्रत्येक प्रश्न होकारार्थी असावा आणि एका प्रश्नात एकच गोष्ट विचारावी. नोकरी वेगळी, निवृत्तिवेतन वेगळे. ‘होय’ किंवा ‘नाही’ दाबल्यावर पडद्याने ते पूर्ण वाक्यात परत सांगावे : ‘तुम्ही सांगितले की तुमच्या घरात कोणीतरी सरकारी नोकरीत आहे. हे बरोबर आहे का?’ एवढ्या एका ओळीने कितीतरी घरांचे पैसे थांबले नसते. रेल्वेचे तिकीट रद्द करताना दोनदा विचारतात, मग इथे का नाही? त्यातही मीरा-भाईंदरसारख्या शहरात ही ओळ मराठीसोबत हिंदी-गुजरातीत ऐकवण्याचे बटण असले तर मराठीचे काहीही बिघडत नाही.

दुसरे, शासन निर्णयासोबत अटींचा तक्ता प्रसिद्ध व्हावा. प्रत्येक अट, ती ‘आणि’ने जोडली आहे की ‘किंवा’ने, अपवाद कोणते, व्याख्या कुठली. प्रोग्रॅमरला तो तक्ता कोणीतरी बनवून देतेच किंवा तो स्वतः बनवतो. सध्या तो कंपनीच्या संगणकात राहतो आणि मंत्रालयातल्या अधिकाऱ्यालाही दिसत नाही, मग रांगेतल्या बाईला कुठून दिसणार? एका ओळीत ‘आणि’ लिहिले की ‘किंवा’, हा धोरणाचा निर्णय आहे. तो कंत्राटी कोडरच्या मर्जीवर सोडणे बरोबर नाही.

तिसरे, नकार आला तर कोणत्या अटीवर आला, ते स्पष्ट लिहावे. राज्याच्या २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्यात अर्ज फेटाळताना लेखी कारण देण्याचे तत्त्व आहेच. ‘स्थगित’ किंवा ‘अपात्र’ या एका शब्दाने कोणालाही काही कळत नाही. ‘घोषणा क्रमांक १ला तुम्ही “नाही” म्हटले, त्यावरून घरात सरकारी नोकर किंवा निवृत्तिवेतनधारक असल्याचे धरले’ असे लिहिले, की चूक त्याच क्षणी बाईच्या लक्षात येते. १९८६चा लंडनचा प्रोग्रॅम हे करत होता.

पडताळणीला दारात आलेली अंगणवाडी सेविका काय विचारते, तेही पाहण्यासारखे आहे. ती मोबाइलवरची घोषणा वाचून दाखवत बसत नाही. उंबऱ्याशी टेकते, पाणी घेते आणि विचारते, ‘ताई, घरात कोणी सरकारी नोकरीला आहे का?’